एक्केचाळीस नंबर

सोमवार, ६ मे

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज छापखान्याच्या पत्त्यावर आलं. मी खिळे जुळवत होतो, हात शाईने काळे होते, म्हणून फोरमनने फोडून समोर धरलं. इकडे सगळे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा अजून कुरकुरतो. वहिनी त्याहून जास्त.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. गुरुवारच्या गाडीने तो निघाला का? शुक्रवारी सकाळी पोरं दोन तास स्टेशनच्या बाकावर बसून होती, धाकटा प्रत्येक डब्यापुढे पळत होता, असं लिहिलं आहेस. उत्तर एका ओळीत देतो. गुरुवारची गाडी सुटली तेव्हा तुझा नवरा तिच्यात नव्हता.

रागावू नकोस, पण हे मी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. जो माणूस संपाच्या सोळाव्या दिवशी मान खाली घालून धुलाई कारखान्याच्या दारातून आत जातो, त्याची वाट पाहत बसायचं नसतं. दवाखान्याच्या चादरी धुवायच्या होत्या म्हणे. साडेचारशे कामगार दाराबाहेर, आणि याला चादरींचा कळवळा. तेव्हा दारावरच्या सभेत मी त्याला फितूर म्हणालो, कर्ण्यातून म्हणालो, आणि तो उत्तर द्यायला उभा राहून पहिल्याच अक्षरावर अडखळला तेव्हा लोक हसले. हसू मी आणलं नव्हतं. तुला ते लागलं. तू पोरं उचललीस आणि आम्हा दोघांनाही सोडून इतक्या लांब वसतिगृहाची मेट्रन होऊन गेलीस. जाताना म्हणालीस, "एक बोलून बोलून मारतो, दुसरा न बोलून." वाक्य चांगलं होतं. मी ते नंतर एका भाषणात वापरलं.

आता तुझी अट आहे. वीस तारखेच्या आत तो स्वतः येऊन तुला आणि पोरांना घरी घेऊन गेला तर ठीक, नाहीतर एकवीसला वकिलाकडे जाऊन फारकतीच्या कागदावर सही. मी म्हणतो अट सरळ आहे, ती पाळ. यायचा असता तर आला असता.

आमच्याकडे सुट्टीची गर्दी विचारू नकोस. शाळा सुटल्या की आरक्षणाचे डबे महिना आधीच भरतात, आणि उरतो शेवटचा एकच उघडा डबा. त्याला बहात्तर जागा, आणि फलाटावर चारशे माणसं. प्रवासी संघ नव्हता तेव्हा काय व्हायचं ते तुला आठवत असेल. पोरं खिडक्यांतून आत फेकायचे. तीन वर्षांपूर्वी खिडकीची लोखंडी झडप पडून एका मुलीची दोन बोटं चौकटीत राहिली आणि गाडी सुटली. गेल्याच्या गेल्या वर्षी एका गरोदर बाईला दाराच्या दांड्यावर इतकं दाबलं की ती उभ्या उभ्या बेशुद्ध झाली, आणि पडायला जागा नव्हती म्हणून तशीच उभी राहिली. त्या दिवशी मी फलाटावर एका खोक्यावर चढलो आणि ठरवलं की हे रानटीपण बंद करायचं.

म्हणून रांग. सकाळी सहाला मी फलाटावर टेबल टाकून बसतो. जो येईल त्याच्या मनगटावर पक्क्या जांभळ्या शाईने आकडा. आकडा घेतला की माणसाने कामावर जावं, घरी जावं, दुपारी तीनला परत यावं. दंडाला पट्टी बांधलेले आपले स्वयंसेवक दार धरतात, मी कर्ण्यातून आकडे पुकारतो आणि माणसं एकेक करून आत जातात. आम्ही नाव विचारत नाही. नाव विचारलं की ओळख निघते, ओळख निघाली की वशिला आला. मी सांगून ठेवलं आहे, रांगेत मी कोणालाही ओळखत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, पद नाही, मोठा मामा नाही, त्याच्या हातात एकच गोष्ट असते, आधी आलो तर आधी जाईन. रांग हेच गरिबाचं आरक्षण. माझा जन्म ह्या एका वाक्यात खर्च झाला तरी चालेल.

गुरुवारी मात्र एकाने ती मोडली. आकडे अठ्ठावन्नपर्यंत आले होते. ऊन असं की फलाटाच्या फरश्यांवर अनवाणी पोरं नाचत होती. तासभर माणसं शिस्तीत उभी होती, आणि हा बाहेरून धावत आला, थेट दाराशी. मनगट कोरं. स्वयंसेवकांनी अडवलं तर त्यांच्या हाताखालून आत घुसला आणि खिडकीच्या जागेवर जाऊन बसला. मग काय व्हायचं ते झालं. लोकांनी ओढून खाली आणला. आधी चपला, मग पट्टे, मग कोणीतरी पत्र्याची ट्रंक उचलली. मी हात लावला नाही. मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही, हे तुला माहीत आहे. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. ज्याने चारशे माणसांचा घाम पायदळी तुडवला त्याला चारशे माणसांचा राग सोसावा लागतो. तो डोकं झाकत होता, आणि त्याचे हात फार स्वच्छ होते, पांढरे, बोटांची टोकं सुरकुतलेली. असल्या गोष्टी उगाच लक्षात राहतात.

असो. थोरलीचा पाढ्यांचा घोळ संपला का? तिला म्हणावं, मामाने पुस्तकांचं पार्सल बांधून ठेवलं आहे. वीस तारीख विसरू नकोस.

तुझा,
दादा


शुक्रवार, १० मे

चि. चिमणीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. एकच ओळ: "सुरकुतलेली बोटं कोणाची होती, दादा?"

तार करायला मी दोनदा पोस्टाच्या दारापर्यंत गेलो. दहा शब्दांत हे मावत नाही म्हणून परत आलो.

तो तुझा नवरा होता. मला हे नंतर कळलं. गर्दीत, धुळीत मला चेहरा दिसला नाही, मी डब्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. दवाखान्यातून निरोप आला तो वहिनीला, कारण त्याच्या खिशात कारखान्याचा रजेचा कागद होता आणि त्यावर कारखान्याच्या वहीतला जुना, आपल्या घराचा पत्ता. वहिनी एकटी गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "चला, तुमचे मेहुणे आहेत."

तो जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, तारेने बांधला आहे. महिनाभर तोंड उघडायचं नाही, नळीने पातळ देतात. डाव्या बाजूच्या चार बरगड्या. डावा डोळा गेला. ट्रंकेच्या कोपऱ्याने गेला असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आहे, उजव्या हाताने पाटीवर लिहितो. पहिले दोन दिवस लघवीतून रक्त जात होतं, आता थांबलं आहे.

पोलीस येऊन गेले. फलाटावर दोनशे माणसं अजून होती, आणि दोनशेंपैकी एकालाही काही दिसलं नाही. फौजदार माझ्याकडे प्रवासी संघाचा अध्यक्ष म्हणून आला. मी सांगितलं, मी टोकाला होतो, कोण कोण होते सांगता येणार नाही.

तू येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात त्याला शांतता हवी, भेटायला कोणी नको. शिवाय तुमच्याकडून इकडच्या गाड्या तशाच भरलेल्या आहेत, दोन पोरं घेऊन उघड्या डब्यात चढणं म्हणजे जिवाशी खेळ. सुट्टीची गर्दी ओसरू दे. वकिलाचं काय करायचं ते तू ठरव, त्यात मी पडत नाही. वहिनी रोज जाते. मी काल जाऊन आलो, तो झोपला होता.

एवढंच मनाशी धर की झालं ते अजाणता झालं. लोक त्याला ओळखत नव्हते. तो काही बोलू शकला असता तर वेगळं झालं असतं, पण तुला तर ठाऊक आहे त्याचं. घाई झाली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. त्यात कोणाचा दोष?

पोरांना सांगू नकोस. सांगायचंच तर पडला म्हणून सांग.

तुझा,
दादा


मंगळवार, १४ मे

चिमणे,

काल केलेली तार मिळाली असेल. "तो तुझ्याकडेच निघाला होता. ये. सविस्तर पत्र आणि तिकिटं पाठवतो." हे ते पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस. ह्यात तिकिटं आहेत.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. काही ठिकाणी सरळ, काही ठिकाणी अर्धं खरं सांगून. माझ्यासारख्या माणसाला दुसरा प्रकार जास्त जमतो.

रविवारी वहिनी दवाखान्यातून आली ती पदर खोचूनच. मी टेबलाशी बसून संघाच्या वतीने निषेधाचं पत्रक लिहीत होतो. होय, निषेधाचं, मारहाणीच्या. तिने समोरचा कागद ओढून घेतला.

"एक्केचाळीस म्हणजे काय?" ती म्हणाली.

"कसलं एक्केचाळीस?"

"पाटीवर लिहितोय तो तीन दिवस. जेवण देताना, अंग पुसताना, एक्केचाळीस. आज विचारलं, बाबा रे, काय आहे हे? तर लिहिलं, दादांना विचार."

"तापात असेल."

"ताप नाही त्याला. ताप तुम्हाला आहे, चार दिवस झोपेत आकडे पुकारताय." मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "बोला. एरवी थांबवावं लागतं तुम्हाला."

मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो, त्याच क्रमाने.

गुरुवारी सकाळी सहाला तो माझ्या टेबलासमोर उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही इतक्या जवळ होतो. एका हातात पिशवी, अंगात कारखान्याचा सदरा. त्या दिवशी त्याला अर्धीच रजा मिळाली होती, दोनपर्यंत भट्टीवर काम करून मग गाडी धरायची होती. हे त्याला सांगावं लागलं नाही, सदऱ्यावरून कळत होतं. तुझ्याकडे निघाला आहे हेही कळत होतं. दाढी केलेली, कानामागे साबण राहिलेला.

रांगेचा एक नियम मी तुला पहिल्या पत्रात लिहिला नाही. जे दिवसभर पाण्यात, सोड्यात काम करतात, धुलाईवाले, भांडी घासणारे, त्यांचा आकडा मनगटावर टिकत नाही. पहिल्याच वर्षी दोन बाया त्यामुळे मागे राहिल्या, म्हणून मीच नियम केला, अशांचा आकडा दंडावर लिहायचा. सगळ्या गावाला तो ठाऊक आहे. त्यालाही होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि बाहीचं बटण काढून बाही वर सरकवायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं आणि तिथे लिहिलं, ४१.

तो म्हणाला, "दं... दं..." त्याला दंड म्हणायचं होतं. ते मला पहिल्याच अक्षराला कळलं. लग्न होऊन तो आपल्या घरात आला त्या दिवसापासून त्याची वाक्यं मी पुरी करत आलो आहे, लोकांना हसवायला. त्या दिवशी नाही केलं. मी म्हणालो, "मागे रांग आहे. पुढचा." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बाही खाली केली आणि गेला.

माझ्या मनात काय होतं हे मला कोणी कोर्टात विचारलं तर सांगेन की आकडा जाईल हे मला माहीत होतं. तो मार खाईल हे माहीत नव्हतं. त्याची गाडी चुकावी एवढंच मला हवं होतं. तो तुला न्यायला येऊ नये, माझं म्हणणं खरं ठरावं. चादरींसाठी संप मोडणारा माणूस तुझ्यासाठीही वेळेवर पोहोचत नाही, हे तुला दिसावं. एवढ्याशा विजयासाठी, चिमणे.

दुपारी एक्केचाळीस मी तीनदा पुकारला. कोणी आलं नाही. मनात म्हटलं, झालं.

अठ्ठावन्नला तो आला. कारखान्याने दोनला सोडलं नसावं, तिथून स्टेशनपर्यंत धावत आला असावा, सदरा पाठीला चिकटला होता. तो डब्यात घुसला नाही, खिडकीशी जाऊन बसला नाही. ते मी रचलं. तो दाराशी थांबला आणि त्याने मनगट पुढे केलं. सात तास गरम पाण्यात आणि सोड्यात होतं ते. पांढरं फटक. आकड्याच्या जागी एक पुसट जांभळा डाग, नाही म्हटलं तर नाहीच.

तू उंच्याला पाहिलं आहेस, स्वयंसेवकांतला सगळ्यात थोराड. त्याने त्याची कॉलर धरली.

"आकडा?"

"ए... ए... ए..."

"काय ए? गाणं म्हणतोस का?"

लोक हसले. तासभराच्या उन्हानंतरचं हसू फार वाईट असतं. रांगेत अडुसष्ट नंबरपासून प्राथमिक शाळेचे मास्तर होते, बायको, तीन मुलं, शिवाय बायकोचा भाऊ. ते म्हणाले, "चोराची बोबडी वळलीय. आमच्या जागा खायला आलाय." तो अजून प्रयत्न करत होता. त्याच्या मानेच्या शिरा मला खोक्यावरून दिसत होत्या. मग त्याने बोलणं सोडून दिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळा फलाट माझ्याकडे वळला. उंच्याने विचारलं, "अध्यक्ष, ओळखता ह्याला?"

कर्णा माझ्या तोंडाशीच होता. मी म्हणालो, "रांगेत मी कोणालाही ओळखत नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित त्याला ढकलून दिलं असतं आणि गाडी चुकली असती. पण समोर चारशे माणसं गप्प होऊन ऐकत होती. ती शांतता मला ठाऊक आहे. तीस वर्षं मी तिच्यावर जगलो आहे, जेवणापेक्षा जास्त. ती मिळाली की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "हा माणूस तुमच्या मुलांच्या जागेवर बसायला आला आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी दारात चिरडलेली बाई आठवा. तिला चिरडणारे असेच होते. आज ह्याला सोडलात तर उद्या पुन्हा तेच." चार वाक्यं. मी मोजली आहेत.

पहिला फटका उंच्याने मारला, उघड्या हाताने, कानावर. तो वाकला आणि मग माणसं दिसेनाशी झाली, फक्त हात दिसत होते. पट्ट्याच्या बकलाचा एक वेगळा आवाज असतो. कोणीतरी केसांना धरून त्याचं डोकं बाकाच्या लोखंडी पायावर आपटलं, थांबलं, आणि नीट नेम धरून पुन्हा आपटलं. मास्तरांनी ट्रंक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. त्यांच्या पोरी बघत होत्या. एका बाईने पाण्याच्या सुरईने मारलं, सुरई फुटली, आणि ती तिथेच रडायला लागली, सुरईसाठी.

आणि मी आकडे पुकारत होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही परवाच सांगितलं. एकोणसाठ. साठ. एकसष्ट. ज्याचा आकडा आला तो मारणं सोडून डब्यात चढत होता. मधून एखादा लाथ घालून मग चढत होता. बासष्टला जबडा गेला असावा, कारण त्यानंतर त्याचा आवाज बदलला. आधी तो ओरडत होता तेव्हा अडखळत नव्हता. मी बहात्तरपर्यंत पुकारलं. रांग शेवटपर्यंत मोडली नाही. एक्केचाळीसची जागा रिकामी होती, ती मास्तरांच्या मेहुण्याला मिळाली.

गाडी गेल्यावर मी खोक्यावरून उतरलो आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून घरी आलो. तो फलाटावर पडला होता. त्याला झाडूवालीने आणि दोन हमालांनी हातगाडीवरून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी मी तुला लिहिलं, यायचा असता तर आला असता.

काल, सोमवारी, मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. हे सगळं जसं लिहिलं आहे तसं त्याला सांगितलं. माफी मागणारं एक भाषण घोकून गेलो होतो. त्यातलं पहिलं वाक्य होताच त्याने हात वर केला. पाटी घेतली आणि लिहिलं, "नको." मग पुसून, "तिला बोलाव." मग पुन्हा पुसून लिहिलं, "चादरी वेळेवर धुतल्या नाहीत तर इथे पू होतो." एवढंच. संपाबद्दल त्याने मला दिलेलं हे एकमेव उत्तर. दोन वर्षांपूर्वी दारावर त्याला हेच सांगायचं होतं, आणि मी तोवर टाळ्या घेतल्या होत्या.

तिथून मी आरक्षण कचेरीत गेलो. तातडीच्या कोट्यातल्या जागा मुख्य कारकुनाच्या हातात असतात. हा तोच माणूस, ज्याला मी भर सभेत वशिल्याचा दलाल म्हणालो होतो. मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, एक मोठं, दोन मुलं, शुक्रवारची गाडी.

"कोणासाठी?"

"बहिणीसाठी. तिचा नवरा दवाखान्यात आहे."

"तुमचे मेहुणे? म्हणजे ते गुरुवारचे..."

"तेच."

त्याने चष्मा काढला. "रांगेत उभे राहा ना, अध्यक्ष. तुमचीच तर आहे."

मी म्हणालो, "मला वशिला लावायचा आहे." खिडकीच्या मागे लोक ऐकत होते. त्याने आणखी काही बोलून घ्यायला हवं होतं, मी ते ऐकून घेतलं असतं. त्याने शिक्का मारला आणि तिकिटं सरकवली.

तिकिटं ह्या पाकिटात आहेत. तिसरा डबा, जागा एकोणीस, वीस, एकवीस. आरक्षणाचा डबा आहे, तरी दार उघडायच्या आत जाऊन उभी राहा. कोणी बसलेलं असेल तर भांड, तिकीट दाखव, उठवल्याशिवाय हलू नकोस. धाकट्याला खिडकीशी बसवू नकोस, झडपेला खिट्टी आहे का बघून मगच.

शनिवारी सकाळी स्टेशनवर वहिनी असेल. मी नसेन. शुक्रवारी दहाला मी फौजदारासमोर जबाब बदलणार आहे. उंच्याचं नाव देणार, मास्तरांचं देणार, आणि सगळ्यात आधी माझं. संघातली दोन माणसं काल घरी येऊन म्हणाली, अध्यक्ष, रांगेसाठी झालं ते, रांग बदनाम होईल. उंच्या नंतर एकटा आला. दारातूनच म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलंत." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "मग आतच राहा. बाहेर सापडलात तर मी बोलणार नाही, मला बोलता येत नाही तुमच्यासारखं." वहिनीने त्याच्या तोंडावर दार लावलं. तिला भीती वाटत नाही. मला वाटते.

रांग चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. चारशे माणसांना शिस्तीत चढवायला रांगच हवी. पण ती पुकारणारा माणूस असा नको.

फारकतीच्या कागदाबद्दल मी जे लिहिलं ते सगळं मागे घेतो. आता तू सही केलीस तर ती तुझ्या आणि त्याच्या हिशोबाने कर, माझ्या साक्षीने नको. माझी साक्ष खोटी होती.

दवाखाना स्टेशनच्या मागच्या रस्त्याला. दुसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरा पलंग. डावीकडून जाऊ नकोस, त्या बाजूचं त्याला आता दिसत नाही, दचकतो. उजवीकडे स्टूल असतं, तिथे बस. तो पाटीवर लिहील. अक्षर हळू येतं, एकेका शब्दाला वेळ लागतो. पुढचा शब्द तुला आधीच कळेल. तरी बोलू नकोस. त्याचं वाक्य त्याला संपवू दे.

खाली काय म्हणून सही करावी ते मला कळत नाही. त्याला भेटल्यावर तूच ठरव. तोवर ती जागा मोकळी ठेवतो.